शितावरून भाताची परीक्षा



शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. पातेल्यांतील एक शीत बोटांत चेपून पाहिलें कीं गृहिणीला सगळ्या भाताची स्थिति कळते. ही परीक्षा खरी कां ठरते याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाहीं. पातेल्यांतील सर्व तांदळांना पाणी सारखें लागलेलें असतें आणि आंचहि सारखी पोंचलेली असते, म्हणून एक शीत सर्वांची साक्ष देऊं शकतें. जेथें हा सारखेपणा नाहीं तेथें तीच म्हण माणसाला फसवितें. लहान मुलांच्या शरीरांतील कांहीं अर्बुदें हाडांच्या मगजांत पसरलीं आहेत कीं नाहींत हें वैद्य कसें ओळखतात, हा माझा आजचा विषय आहे. आणि त्याचें सारें मर्म या सारखेपणाच्या प्रश्नांत आहे. विषय मनाला जड वाटणारा आहे खरा, परंतु ज्या घरावर असा प्रसंग येतो त्या घराला चार गोष्टी आधीं ठाऊक असल्या तर धीर धरणें सोपें जातें, असें मला वाटतें.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतील. एक रक्ताच्या व रसग्रंथींच्या कर्करोगांचा. दुसरा घन अर्बुदांचा, म्हणजे ज्यांत एखाद्या अवयवांत गांठ धरते अशांचा. मेंदू, मूत्रपिंड, डोळा, स्नायु, हाड अशा नाना ठिकाणीं या गांठी होतात. त्यांपैकीं न्यूरोब्लास्टोमा नांवाचें अर्बुद आज आपण उदाहरणादाखल घेऊं. मेंदूबाहेरील घन अर्बुदांत मुलांमध्यें सर्वांत अधिक आढळणारें तें हेंच. गर्भावस्थेंत ज्या पेशींपासून पुढें मज्जातंतूंचा एक विशिष्ट भाग व मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचा गाभा तयार व्हावयाचा, त्या पेशींची वाढ वाट चुकली म्हणजे हें अर्बुद उत्पन्न होतें. म्हणूनच तें बहुधा पांच वर्षांच्या आंतील बालकांत आढळतें. निदान होतें त्या वेळीं सुमारें निम्म्या मुलांत तें मूळ जागा सोडून दूर गेलेलें असतें, आणि त्याचें सर्वांत आवडतें बिऱ्हाड म्हणजे अस्थिमज्जा.

हाड हा कोरडा दगड नव्हे. त्याच्या पोकळींत मऊ, तांबडा मगज असतो. त्यालाच आपण अस्थिमज्जा म्हणतों. रक्त या मज्जेंत तयार होतें ही गोष्ट १८६८ सालीं प्रशियांतील अर्न्स्ट नॉयमान आणि इटलींतील जूलिओ बिझोझेरो या दोघांनीं जगापुढें मांडली. मोठ्या माणसांत तांबडी मज्जा कंबर, छाती, पाठीचा कणा अशा मोजक्या हाडांत उरते. लहान बालकाच्या मात्र बहुतेक सर्वच हाडांत ती भरलेली असते. तेथें रक्ताचा पुरवठा विपुल, रक्तवाहिन्यांच्या भिंती विरळ आणि वाढीला पोषक अशीं द्रव्यें भरपूर. रक्ताबरोबर वाहत आलेल्या अर्बुदपेशीला तेथें शिरकाव मिळतो, आश्रयहि मिळतो. तिची संतति वाढूं लागली कीं रक्त तयार करणाऱ्या पेशींना जागा उरत नाहीं. मग मूल पांढुरकें पडतें, अंगावर निळे डाग उठतात, ताप येतो, हाडें दुखतात, आणि कालपर्यंत धांवणारें पोर आज पाय टेकावयास तयार होत नाहीं.

या रोगाचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. १९०७ सालीं लंडनच्या रॉबर्ट हचिसन यांनीं, अधिवृक्क ग्रंथींतील अर्बुद कवटीच्या हाडांत पसरलेल्या मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशा मुलांच्या डोळ्यांभोंवतीं, कोणीं मारल्याप्रमाणें, काळेंनिळें वर्तुळ दिसतें. पुढें १९१० सालीं बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनीं हीं अर्बुदें अपक्व मज्जातंतुपेशींचीं आहेत असें दाखवून त्यांना आजचें नांव दिलें. याच राइट यांनीं १९०२ सालीं रक्तपेशी रंगविण्याचें एक रंगद्रव्य सिद्ध केलें होतें. त्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें तें रंगद्रव्य मज्जेचीं कांचपट्टें रंगविण्यासाठीं अजूनहि वापरांत आहे. ज्यानें रोगाला नांव दिलें त्यानेंच रोग पाहण्याचें एक साधनहि दिलें, असा हा योग आहे.

परंतु जिवंत माणसाची मज्जा हातीं यावी कशी? १९०८ सालीं इटलींतील जिओव्हानी गेडिनी यांनीं नडगीच्या हाडाला भोंक पाडून ती मिळविली. ती शस्त्रक्रियाच होती. १९२७ सालीं रशियांतील मिखाईल अरिंकिन यांनीं छातीच्या हाडांत सुई खुपसून मज्जा ओढून घेण्याची सुटसुटीत रीत काढली. १९७१ सालीं खोस्रो जमशिदी यांनीं टोंकाशीं निमुळती होत जाणारी सुई प्रसिद्ध केली. तिच्यांतून हाडासकट मज्जेचा बारीकसा दंडगोल, पेन्सिलींतील शिशासारखा, अखंड बाहेर काढतां येतो. आज मुलांची मज्जा छातींतून काढीत नाहींत. कंबरेच्या हाडाची जी कडा पाठीमागें हाताला लागते, तेथून ती घेतात. नमुने दोन प्रकारचे असतात. एक पातळ मज्जेचा, पिचकारीनें ओढून घेतलेला. दुसरा त्या दंडगोलाचा. आणि दोन्हीं प्रकार उजव्या व डाव्या अशा दोन्हीं बाजूंनीं घ्यावयाचे.

चार चार नमुने कशासाठीं, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. त्याचें उत्तर मघांच्या भाताच्या पातेल्यांत आहे. रक्ताच्या कर्करोगांत बिघडलेल्या पेशी मज्जेंत बहुधा सर्वत्र पसरलेल्या असतात. तेथें एक शीत पुरतें. घन अर्बुदाच्या पेशींचा स्वभाव निराळा. त्या एकमेकींना चिकटून पुंजक्यांनीं राहतात. एका ठिकाणीं दाट वस्ती, तर बोटभर अंतरावर ओसाड रान. कधीं उजवी बाजू निर्मळ निघते आणि डावीकडे पुंजके सांपडतात. कधीं पेशी तंतुमय जाळ्यांत अशा गुंतलेल्या असतात कीं पिचकारीबरोबर त्या येतच नाहींत. त्या दंडगोलांतच दिसतात. दंडगोलाला पुरेशी लांबीहि हवी. १९८८ सालीं ठरलेल्या व १९९३ सालीं सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन्हीं बाजूंच्या नमुन्यांचा आग्रह आहे, आणि कूर्चेचा भाग वगळून निदान एक सेंटिमीटर मज्जा दंडगोलांत असावी असेंहि सांगितलेलें आहे. मुलांच्या हाडाच्या कडेला कूर्चा असते, आणि नुसती कूर्चा हातीं आली तर परीक्षा झाली असें म्हणतां येत नाहीं.

शेजारपाजारची मंडळी इंग्रजी कागद वाचून घेण्यासाठीं अजूनहि माझ्याकडे येतात. असेच एक गृहस्थ आपल्या दोन वर्षांच्या नातवाचा कागद घेऊन आले होते. त्यांत लिहिलें होतें कीं, दिलेल्या नमुन्यांत अर्बुदपेशी आढळल्या नाहींत. ते म्हणाले, "मास्तर, मगज स्वच्छ आहे ना? मग मोठ्या इस्पितळांत पुन्हां सुया कशाला टोंचतात? पोराचे हाल नुसते!" मीं त्यांना म्हटलें, "आबा, कागदांतला पहिला शब्द वाचा. 'दिलेल्या' नमुन्यांत आढळल्या नाहींत, असें आहे. 'मुलाच्या मज्जेंत नाहींत' असें कोणींहि लिहिलेलें नाहीं." तो नमुना एकाच बाजूचा, पिचकारीनें घेतलेला, आणि रक्तानें पातळ झालेला होता. दोन्हीं बाजूंची परीक्षा झाली तेव्हां डाव्या दंडगोलांत पेशींचे पुंजके दिसले, आणि उपचारांची योजना त्याप्रमाणें बदलावी लागली. मूल सध्यां उपचार घेत आहे. कागद खोटा नव्हता. तो जेवढें बोलत होता त्याहून अधिक त्याच्या तोंडीं आम्ही घालीत होतों, एवढेंच.

आतां थोडें गणित करूं. शाळामास्तराला त्यावांचून चैन पडत नाहीं. समजा, मज्जेंत एक लाख पेशींमागें एक पेशी अर्बुदाची आहे, आणि त्या सर्वत्र सारख्या विखुरलेल्या आहेत. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं परीक्षकानें पांचशें पेशी तपासल्या. तर त्याला एक अर्बुदपेशी दिसण्यास असे सरासरीनें दोनशें डाव खेळावे लागतील. म्हणून परीक्षक पांचशें पेशींवर थांबत नाहीं; पुंजक्यांच्या शोधांत तो सबंध कांचपट्ट चाळतो. तरीहि अडचण उरतेच. एकटी पडलेली अर्बुदपेशी दिसावयास लहान, वाटोळी व निळसर असते. मुलांच्या मज्जेंत स्वाभाविकपणें असणाऱ्या अपक्व रक्तपेशीहि तशाच दिसतात. सारख्या गणवेशांतल्या शाळेंत एक परका मुलगा येऊन बसावा, तसा हा प्रकार आहे. चेहऱ्यावरून तो ओळखूं येत नाहीं. कांहीं तरी दुसरी खूण पाहिजे.

ती खूण प्रतिपिंडांनीं दिली. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट द्रव्यालाच नेमकें जाऊन चिकटणारें एक प्रथिन. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींच्या अंगावर जी-डी-टू नांवाचें एक स्निग्ध द्रव्य विपुल असतें. मज्जेंतील रक्तपेशींवर तें नसतें म्हटलें तरी चालेल. त्याला चिकटणारें प्रतिपिंड रंगीत करून नमुन्यावर सोडलें कीं लाखों पेशींत दडलेली परकी पेशी रंगून उठते. या रीतीनें एक लाखांत, क्वचित् दहा लाखांतहि, एक पेशी हुडकतां येते. १९९१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, अशा रीतीनें मोजलेल्या पेशींची संख्या आणि रोगाचा पुढील परिणाम यांचा निकट संबंध आहे. पुढें याच जी-डी-टूवर नेम धरणारें औषधहि निघालें, व २०१५ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. शोधण्याची खूण तीच मारण्याची खूण झाली.

यापुढची पायरी अधिक नवलाची आहे. प्रत्येक पेशींत शरीराचा सबंध ग्रंथ असतो, परंतु प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतींच पानें उघडते. मज्जातंतूंच्या विशिष्ट वाढीसाठीं लागणारें फॉक्स-टू-बी नांवाचें एक पान आहे. रक्तपेशी तें उघडीत नाहींत, न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी मात्र तें उघडून त्याच्या नकला काढीत असतात. मज्जेच्या नमुन्यांत या नकला सांपडल्या, तर पेशी डोळ्यांना दिसो वा न दिसो, ती तेथें आहे असें अनुमान निघतें. या नकला फार अल्पजीवी असतात. नमुना तत्काळ योग्य द्रवांत ठेवला नाहीं तर त्या विरून जातात. सूक्ष्म परीक्षेला शिस्तहि तितकीच सूक्ष्म लागते. २०१७ सालीं या विषयांतील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं सूक्ष्मदर्शक, प्रतिपिंडें व नकला या तिन्हींची परीक्षा सर्वत्र एकाच पद्धतीनें व्हावी म्हणून नियम घालून दिले, ते याच कारणास्तव.

सुई कितीहि नेमकी असली तरी ती जेथें टोंचली तेथलेंच सांगणार. सगळ्या पातेल्यावर एकदम नजर टाकण्याचा मार्ग निराळा आहे. न्यूरोब्लास्टोमाच्या बहुतेक पेशी मज्जातंतूंच्या एका रसासारखें दिसणारें एक द्रव्य आवडीनें आंत ओढून घेतात. त्याला एम-आय-बी-जी म्हणतात. त्याला किरण सोडणारें आयोडिन जोडून तें मुलाला शिरेंतून टोंचतात, आणि दुसऱ्या दिवशीं कॅमेऱ्यानें सर्वांगाचें चित्र घेतात. जेथें अर्बुद, तेथें उजळ ठिपका. गळ्यांतील ग्रंथीनें तें आयोडिन शोषूं नये म्हणून आधींपासून साध्या आयोडिनचें औषध देतात. सुमारें दहांत एका मुलाचें अर्बुद हें द्रव्य घेत नाहीं. तेथें साखरेसारख्या द्रव्यावर आधारलेलें पेट नांवाचें चित्र घेतात. चित्राला सर्व शरीर दिसतें, पण थोड्या पेशी दिसत नाहींत; सुईला थोड्या पेशी दिसतात, पण सर्व शरीर दिसत नाहीं. म्हणून एकीची साक्ष दुसरीनें पुरी करावयाची असते.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, तर मग प्रत्येक गांठीच्या मुलाची मज्जा काढून पाहावी. तसेंहि नाहीं. मूत्रपिंडांतील विल्म्स नांवाचें अर्बुद मज्जेंत क्वचितच जातें. तेथें या परीक्षेची गरज नसते. डोळ्यांतील अर्बुदांत ती कांहीं ठराविक लक्षणें असलीं तरच करतात. हाडाच्या ईविंग नांवाच्या अर्बुदांत पूर्वीं ती सर्रास होई. पेट चित्रांत मज्जा निर्मळ दिसली तर सुईनें निराळें कांहीं निघणें फार दुर्मिळ, हें अनुभवास आल्यापासून अनेक ठिकाणीं ती वगळूं लागले आहेत. कोणती परीक्षा करूं नये हें कळणें हाहि ज्ञानाचाच भाग आहे, आणि त्यानें मुलाची एक वेदना वांचते.

शिवाय, मज्जेंत पेशी सांपडली म्हणजे सर्व संपलें, हीहि समजूत बरोबर नाहीं. १९७१ सालीं डॅन्जिओ, इव्हान्स आणि कूप या तिघां अमेरिकन वैद्यांनीं एक चमत्कारिक गोष्ट लिहिली. कांहीं तान्ह्या मुलांत हें अर्बुद यकृतांत, त्वचेंत व मज्जेंत पसरलेलें असतें, तरीहि त्यांतील बरींचशीं मुलें वांचतात. पुष्कळदां अर्बुद आपोआप विरून जातें. या वर्गांत मज्जेंतील अर्बुदपेशींचें प्रमाण शेंकडा दहाच्या आंत असावें लागतें, आणि हाडें निर्लेप असावीं लागतात. म्हणजे येथें 'आहे कीं नाहीं' एवढ्यानें भागत नाहीं. 'किती, कोठें आणि कोणत्या वयांत' हें विचारावें लागतें. उलट, दीड वर्षाच्या वरच्या मुलांत मज्जेंत पसरलेला रोग कठीण खरा; तरी औषधें, शस्त्रक्रिया, किरणोपचार, स्वतःच्याच मूलपेशींचें पुनारोपण आणि प्रतिपिंडें या सर्वांच्या जोरावर उत्तम सोयी असलेल्या ठिकाणीं अशा मुलांपैकीं निम्म्यांच्या आसपास मुलें आज पांच वर्षांनंतरहि हयात असतात. मज्जेची परीक्षा उपचारांच्या मधूनमधून पुन्हां करतात, ती औषधाचा गुण येत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं. ती लपवाछपवीची किंवा कुतूहलाची बाब नव्हे.

आतां आईबापांच्या मनांतील भीतीविषयीं दोन शब्द. मगज काढला तर मूल अधू होईल, असें पुष्कळांना वाटतें. काढलेली मज्जा अत्यल्प असते, आणि शरीर ती थोड्याच काळांत भरून काढतें. सुई कंबरेच्या हाडांत जाते, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूला तिचा संबंध येत नाहीं; दोहोंच्या नांवांत 'मज्जा' आहे, एवढाच काय तो घोंटाळा. लहान मुलांना त्या वेळीं भूल देतात; पुढें एक दोन दिवस जागा ठणकते. रक्तस्राव किंवा जंतुदोष क्वचित् होतो. म्हणून टोंचलेली जागा कोरडी ठेवावी, आणि ताप आल्यास लगेच कळवावें.

तसेंच घरांत कशाकडे लक्ष असावें? न्हाऊं घालतांना पोटांत गांठ हाताला लागली, मूल कारणावांचून फिकें पडत चाललें, कांहीं न लागतां डोळ्यांभोंवतीं काळें पडलें, लंगडणें आठवड्यांमागून आठवडे राहिलें किंवा रात्रीं हाड दुखून मूल जागूं लागलें, तर तें डॉक्टरांना दाखवावें. लंगडणाऱ्या शेंकडों मुलांत असा रोग एखाद्यालाच असतो. तेव्हां घाबरूं नये, पण चालढकलहि करूं नये. गांठ लागली तर घरोघरच्या माणसांनीं ती चेपून पाहूं नये. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीं मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. दूरच्या गांवच्या माणसांनीं अशा ठिकाणीं वेळेवर जावें.

आणि कागद हातीं पडला म्हणजे तीन प्रश्न अवश्य विचारावे. नमुने दोन्हीं बाजूंचे होते काय? ते परीक्षेस पुरेसे होते काय? आणि कोणत्या रीतीनें तपासले? हे प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणें नव्हे. चांगल्या डॉक्टरला ते आवडतातच. 'आढळलें नाहीं' आणि 'नाहीं' या दोन वाक्यांत जें अंतर आहे, त्या अंतरांत कधीं कधीं एका मुलाचें सारें आयुष्य बसलेलें असतें. तेवढें अंतर ओळखण्यापुरता धीर प्रत्येक घराला लाभो, अशी इच्छा करून मी आपली रजा घेतों.